हाताची भूल

दरवर्षी दिवाळीच्या आठ-दहा दिवस आधी मी सांगलीस माझ्या थोरल्या बहिणीला पत्र टाकतो. आक्का आता ऐंशीच्या घरात आहे. तिला ऐकू फारच कमी येते. त्यामुळे दूरध्वनीचा आम्हां भावंडांना काही उपयोग राहिलेला नाही. नोकरीच्या निमित्ताने मी या शहरात आलो तेव्हा त्याचे नाव कलकत्ता होते, आता कोलकाता आहे. मधे चाळीस वर्षे लोटली. एवढ्या काळात भाऊबीजेला सांगलीस पोहोचणे मला क्वचितच साधले, परंतु पत्र मात्र एकदाही चुकले नाही. चहाच्या व्यापारातील एका कचेरीत जन्मभर हिशेबाच्या वह्या लिहिल्यामुळे माझे अक्षर बरे आहे, आणि आक्काला त्याचे कौतुक आहे.

गेल्या वर्षी ते पत्र माझ्या हातून लिहिले जाते की नाही, असा प्रसंग आला. त्याची हकीकत, वाचकहो, आपणांस सांगावीशी वाटते. कारण ती एकट्या माझ्या हाताची नाही. आजकाल खांदा, कोपर वा मनगट यांवरील शस्त्रक्रियेसाठी रुग्णाला पूर्ण बेशुद्ध न करता केवळ तेवढा हात बधिर करण्याची पद्धत सर्वत्र रूढ आहे. उद्या आपल्या घरातील कोणावर तशी वेळ आली, तर माझ्या चुका आपल्या उपयोगी पडाव्यात.

श्रावणातील एका सकाळी भवानीपुरातील आमच्या घराच्या ओल्या पायरीवरून माझा पाय घसरला आणि उजव्या दंडाचे हाड खांद्याच्या अगदी खाली मोडले. पट्टी व स्क्रू बसवून हाड जुळवावे लागेल, असे शल्यविशारदांनी सांगितले. शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी भूलतज्ज्ञ भेटावयास आल्या. वयाने माझ्या मुलीएवढ्या. बंगाली रीतीप्रमाणे त्यांनी मला 'मेशोमशाय' म्हणजे मावशीचे यजमान म्हणून संबोधले आणि माझा संकोच निम्मा दूर झाला. मानेजवळ सुई देऊन हात बधिर करू, जोडीला हलकी गुंगी देऊ, म्हणजे पूर्ण भूल टळेल आणि पहिली रात्र वेदनेवाचून जाईल, असे त्या म्हणाल्या. मग त्यांनी विचारले, "मधुमेह आहे ना? हातापायांना मुंग्या, बधिरपणा असे काही?"

मी "नाही" म्हणालो.

ते खरे नव्हते. दोन वर्षांपासून पहाटे उठल्यावर माझ्या उजव्या अंगठ्याला व त्याच्या शेजारच्या बोटांना मुंग्या येत असत. परंतु हे सांगितले तर आणखी चार तपासण्या निघतील आणि शस्त्रक्रिया लांबेल, अशी भीती मला वाटली. शिवाय, एवढ्या तेवढ्याचा बाऊ करू नये, ही लहानपणापासूनची शिकवण. संमतिपत्र इंग्रजीत होते. ते मी वाचले नाही. उजवा हात मोडलेला, म्हणून चाळीस वर्षे वह्या लिहिलेल्या माणसाने त्याच्याखाली डाव्या हाताचा अंगठा उठवला.

आता या बधिरीकरणाची रीत थोडक्यात सांगितली पाहिजे. आपल्या मानेच्या कण्यातून प्रत्येक बाजूस पाच मोठे मज्जातंतू निघतात. ते मानेच्या दोन स्नायूंमधून खाली उतरतात, गळपट्टीच्या हाडामागून काखेकडे जातात आणि वाटेत एकमेकांत मिसळून, पुन्हा फुटून एक जाळे तयार करतात. वैद्यकात त्याला 'ब्रेकियल प्लेक्सस' म्हणतात. खांद्यापासून बोटांच्या टोकापर्यंतचे बहुतेक स्पर्शज्ञान आणि हालचाल या जाळ्यातून जाते. त्याच्याभोवती औषध सोडले की हात काही तासांपुरता निकामी होतो. औषधाचा अंमल उतरला की पुन्हा आपला होतो.

दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रियागृहात डॉक्टरीणबाईंनी ध्वनिलहरींच्या यंत्राने माझ्या मानेच्या आतील चित्र पडद्यावर आणले. त्यात त्यांना मज्जातंतू व सुई ही दोन्ही दिसत होती. "काही वेगळे वाटले तर सांगा हं," एवढे त्या म्हणाल्या. सुई आत गेली आणि एका क्षणी खांद्यापासून अंगठ्यापर्यंत विजेसारखी एक कळ सळकन निघून गेली. मी दात आवळले, बोललो नाही. क्षणात ती ओसरली, हात जड होत गेला आणि नंतर मला गुंगी आली.

शस्त्रक्रिया उत्तम पार पडली. संध्याकाळी खोलीत आणले तेव्हा हाड मोडलेल्या माणसास वेदना मुळीच नव्हती. रात्री नऊच्या सुमारास माझी पत्नी मला चमच्याने पेज भरवीत होती. ती मधेच थांबली.

"अहो, इकडे दिव्याकडे बघा बरे."

मी पाहिले. तिच्या हातातील वाटी थरथरू लागली. माझी उजवी पापणी अर्धी खाली लोंबत होती आणि उजव्या डोळ्याची बाहुली डावीपेक्षा बारीक दिसत होती. "काय झाले?" असे मी विचारले, तर आवाज घोगरा व खोल निघाला, जणू दुसऱ्याच कोणाचा. पाठीवर सरळ निजलो की श्वास पुरेसा येत नाही, असेही वाटत होते. हात तर लाकडासारखा पडलेलाच होता. तिच्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला होता तो तिने लहानपणी पाहिला होता. ती धावत परिचारिकेकडे गेली. परिचारिका नवखी होती. ती माझा चेहरा पाहून गोंधळली व डॉक्टरांना बोलावण्यास गेली. त्यानंतरची पंधरा मिनिटे आम्ही दोघांनी कशी काढली हे लिहिता येण्यासारखे नाही. एवढेच सांगतो की, त्या अवधीत मी पत्नीला बँकेच्या पासबुकांची जागा सांगितली.

भूलतज्ज्ञ बाई आल्या. त्यांनी डोळे पाहिले, मला दात दाखवावयास सांगितले, जीभ बाहेर काढावयास लावली, डावा हात व दोन्ही पाय उचलून घेतले आणि शांतपणे म्हणाल्या, "मेशोमशाय, हा झटका नाही. माझे औषध थोडे शेजारी पसरले आहे."

त्यांनी जे समजावले ते असे. मानेत जागा थोडी आणि वर्दळ फार. हाताच्या जाळ्याला लागूनच इतर मज्जातंतू जातात. त्यांपैकी काही पापणी उचलून धरतात व बाहुलीचा आकार राखतात. तेथे औषध पोहोचले की पापणी उतरते, बाहुली आकसते, चेहऱ्याच्या त्या बाजूस घाम येईनासा होतो. १८६९ साली योहान फ्रीड्रिख हॉर्नर या स्विस नेत्रवैद्याने या लक्षणसमूहाचे वर्णन केले, म्हणून त्यास त्याचे नाव आहे. दुसरा एक मज्जातंतू स्वरयंत्राकडे जातो. तो बधिर झाला की आवाज घोगरा होतो. तिसरा छाती व पोट यांच्यामधील श्वासपटल हलवतो. खांद्यासाठी मानेत औषध देण्याच्या रूढ पद्धतीत, औषधाची मात्रा नेहमीची असेल तर त्या बाजूचे अर्धे श्वासपटल जवळजवळ प्रत्येक रुग्णात काही तास स्वस्थ बसते. फुप्फुसे निरोगी असतील तर माणसाला त्याचा फारसा पत्ता लागत नाही. ज्याला दमा वा जुना फुप्फुसाचा विकार आहे त्याच्या बाबतीत मात्र ही गोष्ट आधीच विचारात घ्यावी लागते. कारण श्वासाची क्षमता चतुर्थांशाने किंवा त्याहूनही अधिक कमी होऊ शकते.

त्यांनी माझी खाट डोक्याकडून उंच केली, बोटाला प्राणवायू मोजण्याचे साधन लावले आणि अर्धा तास खोलीतच थांबल्या. सकाळी चहाच्या वेळेपर्यंत पापणी वर आली, आवाज परतला, श्वास मोकळा झाला. ज्या तीन गोष्टींनी आमचा थरकाप उडाला होता, त्या तिन्ही बारा-चौदा तासांची पाहुणी होत्या. आदल्या दिवशी ही दोन वाक्ये कोणी आम्हांस सांगितली असती, तर माझ्या पत्नीची ती रात्र वाचली असती.

परंतु खरी गोष्ट येथून पुढे सुरू होते. हात जागा झाला. वेदनाही जागी झाली. बोटे हलू लागली. मात्र अंगठा आणि तर्जनी यांची टोके बधिरच राहिली. चिमूट धरण्यास बळ येईना. आणि ज्या रात्री काहीही बिघडलेले नसताना आम्ही घाबरून आकाशपाताळ एक केले, त्याच मी आता काही बिघडले असताना मौन धरले. झोळीत हात बांधलेला आहे, सूज आहे, उतरेल, अशी मनाची समजूत घातली. घरी आल्यावर आठव्या दिवशी चहाचा पेला उजव्या हाताने नुसता धरून बसलो होतो. पत्नीने पेला काढून घेतला तेव्हा अंगठ्यावर लाल चट्टा व त्यावर फोड होता. मला भाजल्याचे कळलेच नव्हते.

मग मात्र तिने माझे काही चालू दिले नाही. त्याच दुपारी आम्ही रुग्णालयात गेलो. डॉक्टरीणबाईंनी कापसाने, मग टाचणीच्या बोथट टोकाने प्रत्येक बोट तपासले. नंतर त्यांनी विचारले, "सुई दिली तेव्हा हातात झटका बसला होता का?"

मी मान खाली घालून "हो" म्हणालो. आणि मग, एकदा दार उघडलेच आहे तर, पहाटेच्या मुंग्यांची गोष्टही सांगितली.

त्या रागावल्या नाहीत. थोडा वेळ गप्प राहून म्हणाल्या, "चूक माझीही आहे. 'काही वेगळे वाटले तर' असे मी म्हणाले. 'वीज गेल्यासारखे वाटले तर लगेच ओरडा, मी त्याच क्षणी थांबेन,' असे स्पष्ट सांगावयास हवे होते."

जागेपणी सुई देण्याचे एक प्रयोजन हेच आहे, हे मला तेव्हा कळले. मज्जातंतूला सुई टोचली किंवा त्याच्या आत औषधाचा दाब पडला, तर त्याची पहिली खबर रुग्णाचा स्वतःचा आवाज देऊ शकतो. पूर्ण बेशुद्ध रुग्णांना मानेत अशी सुई दिल्यानंतर पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूलाच कायमची इजा झाल्याच्या चार घटना २००० साली एका वैद्यकीय नियतकालिकात नोंदल्या गेल्या. तेव्हापासून प्रौढ माणसाच्या बाबतीत ही सुई शक्यतो जागेपणी वा हलक्या गुंगीत द्यावी, यावर भर दिला जातो. तथापि झटका बसला म्हणजे इजा झालीच, असेही नाही. आणि झटक्यावाचून इजा होतच नाही, असेही नाही. माझ्या अंगठ्याचा दोष सुईचा, औषधाचा, हाड मोडताना बसलेल्या ताणाचा, शस्त्रक्रियेच्या वेळी हात ठेवण्याच्या पद्धतीचा, की मधुमेहाने आधीच दुबळ्या झालेल्या मज्जातंतूचा, हे निश्चित सांगता येणार नाही, असे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले. आधीच आजारी असलेला मज्जातंतू दुसरा आघात सोसण्यास कमी समर्थ असतो. म्हणूनच तो पहिला प्रश्न त्यांनी विचारला होता. खरे उत्तर मिळते, तर कदाचित त्यांनी औषधाची मात्रा वा रीत बदलली असती. निदान आधीच्या बधिरपणाची नोंद तरी कागदावर राहिली असती.

तिसऱ्या आठवड्यानंतर मज्जातंतूंची विद्युत् तपासणी झाली. ती याच्या आधी केली तर स्नायूंमधील बदल पुरते दिसत नाहीत. निष्कर्ष असा, की तंतू तुटलेले नाहीत. त्यांचे आवरण दुखावले आहे. या दोहोंत मोठे अंतर आहे. आवरण दुखावले असेल तर काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत ते भरून येते. आतील तंतू तुटला असेल तर तो दिवसाला सुमारे एक मिलिमीटर या गतीने वाढत पुढे सरकतो. मानेपासून अंगठ्यापर्यंतची वाट त्या गतीने चालू लागलात तर दोन वर्षे हां हां म्हणता निघून जातात. अशा बधिरीकरणानंतर पहिले काही दिवस मुंग्या वा बधिरपणा राहणे दुर्मीळ नाही, आणि बहुतेकांचा तो आपोआप जातो. दीर्घकाळ टिकणारी इजा दहा हजारांत दोन ते चार जणांना होते. ध्वनिलहरींच्या यंत्रामुळे सुई रक्तवाहिनीत जाण्याचा धोका पुष्कळ कमी झाला. परंतु दीर्घकाळच्या मज्जातंतूंच्या इजेचे प्रमाण मात्र त्यामुळे स्पष्टपणे घटल्याचे दिसलेले नाही.

ते दिवस प्रतीक्षेचे होते. लिहिता येत नाही म्हणून वाचू लागलो. दुपारी कॉलेज स्ट्रीटवर जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून डाव्या हाताने पाने उलटीत बसे. जवळच १८३५ साली स्थापन झालेले मेडिकल कॉलेज आहे. त्याच संस्थेत १८३६ साली पंडित मधुसूदन गुप्त यांनी रूढीचा विरोध पत्करून शवविच्छेदन केले. मानेतील ते मज्जातंतूंचे जाळे आपल्या विद्यार्थ्यांनी पोथीत नव्हे, डोळ्यांनी पाहावे, यासाठी कोणीतरी पहिला हात पुढे करणे भाग होते. जेम्स एस्डेल या इंग्रज अंमलातील शल्यवैद्याने प्रथम हुगळीस आणि १८४६ पासून याच शहरात संमोहनाने रुग्णांना वेदनाहीन करून मोठमोठ्या गाठी कापल्या. पुढल्याच वर्षी, १८४७ मध्ये, येथे ईथर आले आणि संमोहनाचे दिवस सरले. मग १८८४ साली व्हिएन्नात कार्ल कोलर याने कोकेनच्या थेंबांनी केवळ डोळा बधिर करून दाखवला. त्यानंतर लवकरच अमेरिकेत विल्यम हॉल्स्टेड याने मानेतील मज्जातंतू उघडे करून त्यांवर कोकेन सोडले. त्या प्रयोगांत तो स्वतः कोकेनच्या आहारी गेला. १९११ साली जर्मनीत कुलेनकाम्फ याने गळपट्टीच्या हाडावरून सुई देण्याची रीत स्वतःच्या हातावर करून पाहिली. हे वाचताना मी माझ्या अंगठ्याकडे पाहत असे. ज्यांनी ही विद्या उभी केली त्यांनी आपल्याला काय वाटले ते लिहून ठेवले, म्हणून ती पुढे गेली. आणि मी मात्र एक कळ गिळून बसलो होतो.

पूजेचे दिवस आले. महालयेला कुमारटुलीत देवीच्या मूर्तींचे डोळे रंगवतात, ते पाहावयास पत्नी मला घेऊन गेली. एका वृद्ध कारागिराने कुंचला चिमटीत धरला आणि एका दमात पापणीची रेघ ओढली. गर्दी देवीचे डोळे पाहत होती. मी त्याचा अंगठा पाहत होतो.

घरी आल्यावर मी पेन्सिल हाती घेतली. प्रथम नुसत्या उभ्या रेघा, मग वेलांट्या, मग 'श्री'. व्यायामशिक्षिकेने दिलेली मऊ चेंडू दाबण्याची व कणीक मळण्याची कामे निमूटपणे केली. विजयादशमीच्या सुमारास अंगठ्याच्या टोकाला प्रथम मुंग्या आल्या, आणि त्या मुंग्यांनी मला आनंद झाला. कारण परतणारा मज्जातंतू पुष्कळदा मुंग्यांच्या वाटेनेच येतो. दिवाळीला दहा दिवस उरले तेव्हा पत्नी म्हणाली, "तुम्ही सांगा, मी लिहिते." मी नको म्हणालो. एक पान लिहिण्यास तीन संध्याकाळ लागल्या. अक्षरे पहिलीतल्या मुलासारखी, ओळी उतरंडीला लागलेल्या. त्यात हाडाची, सुईची, आणि मी लपवलेल्या गोष्टींचीही सर्व हकीकत लिहिली.

भाऊबीजेनंतर आक्काचे उत्तर आले. तिने अक्षराबद्दल एक शब्दही लिहिला नव्हता. तिने लिहिले होते, "तू लहानपणी झाडावरून पडलास तेव्हाही दोन दिवस कोणाला सांगितले नाहीस. आता तरी सांगत जा."

वाचकहो, थोरल्या बहिणीचे ते वाक्य मी आपल्या हाती देतो. घरात कोणाच्या हातावर अशी शस्त्रक्रिया होणार असेल, तर आधी विचारा: पापणी, आवाज, श्वास यांवर काही परिणाम होईल का, आणि तो किती तास राहील? हात केव्हा जागा व्हावा, आणि न झाल्यास कोणास कळवावे? आणि आधी सांगा: मधुमेह, जुन्या मुंग्या, दमा, फुप्फुसाचा विकार, रक्त पातळ ठेवणारी औषधे. सुई देताना विजेसारखी कळ आली तर दात आवळू नका. हात बधिर असेपर्यंत तो झोळीत सांभाळा, कोपर कठीण कडेवर टेकू देऊ नका, गरम पेला वा शेकण्याची पिशवी त्याच्यापासून दूर ठेवा. एक-दोन दिवसांनंतरही बधिरपणा उरला, तर कळवा. तो वा अशक्तपणा वाढत असेल, सूज वा कळ वाढत असेल, किंवा श्वास लागत असेल, तर त्याच घटकेला कळवा.

माझे अक्षर आता पुष्कळसे पूर्ववत् झाले आहे. अंगठ्याच्या टोकाशी मुगाच्या दाण्याएवढी जागा अजून बधिर आहे. परवा तपासणीस गेलो तेव्हा डॉक्टरीणबाईंनी विचारले, "मेशोमशाय, सगळे ठीक?" 'ठीक' हा शब्द जिभेवर आला होता. तो मागे सारून मी अंगठा पुढे केला आणि ती जागा त्यांना दाखवली.